वास येतोय

गॅस एजन्सीच्या तक्रारीच्या टेबलावर मी बसते. दिवसातून तीस-चाळीस वेळा कानावर एकच वाक्य पडतं, “अहो, वास येतोय.” कुणी घाबरून सांगतं, कुणी माझ्यावरच खेकसतं, एक आजोबा तर दर पंधरा दिवसांनी नुसत्या गप्पा मारायला म्हणून सांगतात. आमच्या साहेबांचा नियम एकच. वास येतोय म्हटलं की आधी नोंद, मग प्रश्न. “खरा येतोय की खोटा हे ठरवायला तुम्हाला इथे बसवलेलं नाही,” हे ते नव्या मुलींना पहिल्याच दिवशी ऐकवतात. मलाही ऐकवलं होतं. सहा वर्षांत मी एकही तक्रार नोंदवल्यावाचून सोडलेली नाही. म्हणजे बाहेरच्या माणसांची.

नोंद झाली की पुढचं पाठ असतं. बटणं दाबू नका, काडी ओढू नका, खिडक्या उघडा, लहान मुलं आणि म्हातारी माणसं आधी हलवा. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साठतो. गळती खाली असेल तर खाली उतरू नका, वर जा.

ताईला हे सगळं माझ्याइतकंच पाठ होतं. मी कामावरून आले की ती दारातच माझ्या बाळाला दोन्ही हातांनी पुढे धरायची आणि नाकातून बोलायची, “मॅडम, वास येतोय. खालून गळती आहे. नोंद करा.”

“पत्ता सांगा.”

“पत्ता तोच हो. दुपारपासून तिसरी तक्रार आहे ही आमची. तुमचा माणूस कधी येणार?”

मग आम्ही दोघी हसत बाळाचं दुपटं बदलायचो. बाळ आठ महिन्यांचं होतं. ते माझ्याकडे बघून हसायच्या आधी ताईकडे बघून हसायला शिकलं होतं, आणि मला त्याचं वाईट वाटायचं नाही असं मी नवऱ्याला सांगायचे.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापणारी होती, आणि अशी की चाळीस थरांवर एकदा कात्री ठेवली की शेवटच्या थरापर्यंत रेघ हलायची नाही. आजार तिला विसाव्या वर्षी लागला. आमच्या घरात त्याला ‘वर’ आणि ‘खाली’ एवढेच शब्द होते, तेही आईने काढलेले, शेजारणींना कळू नये म्हणून. वर असली की ताई चार-चार दिवस झोपायची नाही, अनोळखी माणसांना जेवायला घेऊन यायची, कारखान्याच्या मालकाला कारखाना कसा चालवायचा ते शिकवायची. खाली आली की भिंतीकडे तोंड करून पडायची, केस विंचरायला हात उचलायची नाही. एकदा मावशीचा फोन आला तेव्हा समोर शेजारीण बसलेली, म्हणून आई हळू आवाजात म्हणाली, “मोठी कालच वर गेली गं.” दोन तासांत मावशी रडत दारात हजर. दार उघडलं ताईनेच, हातात रंगाचा ब्रश, पहाटेपासून खिडक्या रंगवत होती. म्हणाली, “मी गेले? मला कुणी कळवलंच नाही.”

ती गोष्ट आम्ही पुढे कित्येक वर्षं सांगायचो. हसायचोही. पण माझं बारावीचं वर्ष तिच्या एका ‘वर’मध्ये गेलं आणि माझं पहिलं ठरलेलं लग्न तिच्या एका ‘खाली’मध्ये. मुलाकडच्यांनी विचारलं होतं, हे रक्तात असतं का? आईने ठाम नाही म्हटलं. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, खात्रीने सांगता येत नाही, अजून त्यावर पुरेसं काम झालेलं नाही. बारा वर्षांनी बाळ पोटात असताना मी दुसऱ्या डॉक्टरांना हेच विचारलं. त्यांनीही हेच सांगितलं, अगदी त्याच शब्दांत. त्या दिवसापासून मी रोज माझी झोप मोजते. आणि बाळाचीही.

तीन वर्षांपूर्वी ताईला महिनाभर जळकट वास यायचा. तेव्हा ती तिच्या घरी, भावजी आणि ढमीबरोबर राहायची. ढमी म्हणजे तिची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. ताईने दोनदा अग्निशमनची गाडी बोलावली. एका सकाळी कपाट सरकवून तिने हातोड्याने भिंत फोडायला घेतली, आत वायर जळतेय म्हणून. ढमी गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून, विटांच्या चुऱ्यात उभी होती. मी पोचले तेव्हा ताई म्हणत होती, “हा खरा आहे गं, हा खरा वास आहे.” त्याच संध्याकाळी भावजी ढमीला घेऊन त्यांच्या आईकडे गेले ते गेले. पुढे आमची आई वारली, ताई दोन वेळा रुग्णालयात जाऊन आली आणि दीड वर्षापूर्वी माझ्याकडे राहायला आली. कारखान्याने तिला परत घेतलं होतं, पण बटणं लावायला. कात्री द्यायला कुणी तयार नव्हतं. महिनाभर बटणं लावून ती घरी बसली.

मग रुग्णालयात तो अभ्यास सुरू झाला. आहे तेच औषध वेगळ्या मात्रेत दिलं, तर माणूस घरी राहून सहा महिने स्थिर राहतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. ताईला निळ्या पुठ्ठ्याची वही मिळाली. रोज एक ओळ. डावीकडे तिने तिचा आकडा लिहायचा, शून्य ते दहा, पाच म्हणजे मधोमध. उजवीकडे नातेवाइकाने आपल्याला दिसलेला आकडा लिहायचा, आणि पुढे बारीक चौकोनांत खुणा करायच्या: झोप, बोलण्याचा वेग, चिडचिड, भास. वही बघायला दर मंगळवारी एक बाई यायच्या. आम्ही त्यांना वहीवाल्या बाईच म्हणायचो. त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, “या आजाराबद्दल आपल्याला अजून फार थोडं कळलंय. जे कळेल ते तुमच्या आकड्यांतूनच कळणार. तेव्हा खरं लिहा.”

भावजींना या वहीबद्दल ताईनेच कळवलं. त्यांचं उत्तर माझ्या फोनवर आलं. एकशे ऐंशी दिवस आकडा चार ते सहाच्या मध्ये राहिला, मध्ये कुठे भरती व्हावं लागलं नाही आणि रुग्णालयाने तसं पत्र दिलं, तर ढमी सुट्टीभर आईकडे राहील. त्यापुढचं त्यापुढे बघू.

ताईने तो निरोप माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मग म्हणाली, “उंची विचार तिची. आणि छाती.”

भावजींनी मापं पाठवली. ताईने फ्रॉक कापला, माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, माझी भाजीची कात्री घेऊन. खालच्या काठाला आणि बाजूंना तिने दोन-दोन इंच कापड जास्त आत दुमडून ठेवलं. “माप बापाने घेतलंय,” ती म्हणाली, “पोरगी श्वास आत ओढून उभी राहिली असणार.”

रोज संध्याकाळी आम्ही वही भरायचो. पाच, पाच. कधी चार. एकदा नवरा तिच्यावर उगाच ओरडला आणि तीही उलट ओरडली, तेव्हा मी चिडचिडीच्या चौकोनावर पेन धरून थांबले.

“कर खूण,” ताई म्हणाली. “पण कोण आधी ओरडलं ते कुठे लिहिशील?”

“त्याला जागा नाहीये.”

“मग माझी चिडचिड आणि त्याचा स्वभाव. छान आहे.” आणि स्वतःच हसली. मी खूण केली नाही.

एकशे एकाहत्तराव्या दिवशी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, माझा मोबाइल वाजला.

“ऐक,” ताई म्हणाली. मागे वारा होता आणि ती धापा टाकत होती. “वास येतोय गं घरात, खूप येतोय. मी बाळाला घेऊन वर गेलेय. तू घाबरू नकोस, ते मजेत आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनाही घेऊन आले. दार उघडंच टाकलंय, खिडक्या उघडल्यात. ऐकतेस ना?”

हे सगळं तिने एका दमात सांगितलं. बोलण्याचा वेग, म्हटलं मनात. आणि वास. आणि ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली होती, वर गेलेय.

“ताई, सकाळची गोळी घेतलीस का?”

“गोळीचं काय मध्येच? अगं, वास येतोय म्हणतेय मी.”

“कसला? जळकट?”

“तो नाही गं. हा खरा आहे.”

माझ्या डोळ्यांसमोर विटांचा चुरा आला. त्यात ढमीच्या जागी माझं बाळ. गच्चीचा कठडा माझ्या कमरेएवढाच आहे, हेही आठवलं.

“बरं,” मी म्हणाले. टेबलावर जो आवाज काढते तोच आवाज काढला, सावकाश, गोड. “तू आहेस तिथेच बस. कडेला जाऊ नकोस. बाळाला मांडीवर नको घेऊस, खाली ठेव. मी येतेच.”

“एजन्सीला सांग आधी.”

“सांगते.”

फोन ठेवून मी वहीच्या मागच्या पानावरून मोबाइलमध्ये साठवलेला रुग्णालयाचा तातडीचा नंबर लावला. मग नवऱ्याला. मग पर्स उचलली. समोरचा संगणक चालू होता, तक्रारीचं कोरं पान उघडलेलंच होतं. ते मी तसंच ठेवून निघाले.

मी पोचले तोवर सव्वादोन झाले होते. जिन्यात काहीही वास नव्हता. तळमजल्यावरच्या खानावळीची जेवणं आटोपून पोरगे फरशी धूत होते. माझ्या घरात शिरून मी दोनदा दीर्घ श्वास घेतला. साबणाचा वास, बाळाच्या पावडरचा वास. शेगडी बंद, खिडक्या सताड उघड्या. ओट्यावर बाळाची अर्धी बाटली.

गच्चीवर टाकीच्या सावलीत ताई भिंतीला टेकून बसली होती. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं, तोंडावर ऊन येऊ नये म्हणून तिने ओढणी धरली होती. शेजारी उपड्या बादलीवर आजी. समोर माझा नवरा, रुग्णालयाची दोन माणसं आणि एक परिचारिका.

“बाळ द्या इकडे,” नवरा म्हणाला.

“हळू, आत्ताच झोपलंय,” ताई म्हणाली.

त्याने ओढलं. बाळ दचकून किंचाळलं, तशी ताईने पकड घट्ट केली, आणि मग रुग्णालयाच्या त्या दोघांनी तिचे हात धरले. बाळ माझ्या हातात आलं. ताईने एकाच्या तोंडात मारली. दुसऱ्याने तिचा हात पाठीमागे नेला, आणि नर्सने वहीत काहीतरी लिहिलं. ती वही निळी नव्हती, पण चौकोन तसेच होते.

“हिला विचारा,” ताई माझ्याकडे मान करून ओरडत होती. “गॅसवाली आहे ही. घरात जाऊन बघा की कुणीतरी.”

“बघून आलो, बाई,” त्यातला एक म्हणाला, चांगल्या आवाजात. “काही वास नाही.”

“आजी, सांगा ना यांना.”

आजींनी सगळ्यांकडे पाहिलं. “मला गं कसला येतोय वास,” त्या म्हणाल्या. “माझं नाक जाऊन दोन वर्षं झाली. तू म्हणालीस म्हणून आले मी.”

ताईचा ओठ फुटला होता, कसा ते मी पाहिलं नाही. नर्स सुई भरत होती. ताईने माझ्याकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “तू नोंद केलीस ना?”

“केली,” मी म्हणाले.

“मग माणूस येईल. तो बघेल.” तिने अंग सैल सोडलं आणि स्वतःच बाही वर करून दंड पुढे केला.

संध्याकाळी मी वही भरली. डावा रकाना कोरा होता. उजव्यात आठ लिहिलं. बोलण्याचा वेग, चिडचिड, भास, तिन्हीवर खुणा केल्या. बाळ सारखं दाराकडे बघत होतं.

तिसऱ्या दिवशी, साडेबाराच्या सुमाराला, टेबलावर एक फोन आला. बाईचा आवाज होता. “अहो, आमच्या जिन्याखाली वास येतोय. दुपारच्या वेळीच येतो, मग जातो. आठवडा झाला, मला वाटायचं खानावळीची फोडणीच असेल. पण आज डोकं दुखायला लागलं.”

“पत्ता सांगा,” मी म्हणाले.

तिने आमचाच पत्ता सांगितला. समोरच्या बिऱ्हाडातली बाई होती. तिने मला ओळखलं नाही, मी तिला ओळखलं.

मी नोंद केली. तीन सेकंदांत. तिला सांगितलं, बटणं दाबू नका, खाली उतरू नका, वर जा. पानाच्या शेवटी एक प्रश्न असतो, तो भरल्याशिवाय पान बंद होत नाही: या पत्त्यावरून यापूर्वी तक्रार आली होती का?

मी विचारलं तिला, नियमाप्रमाणे.

“मी तर नाही केली बाई,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणी केली असेल तर तुमच्याकडेच असेल ना लिहिलेली.”

मी ‘नाही’वर बोट ठेवलं.

संध्याकाळी आमचा मेकॅनिक चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी टेकला. खानावळीने सिलिंडर मागच्या बाजूला ठेवले होते आणि नळी जिन्याखालून आत नेली होती. सांध्याला चीर. स्वयंपाक चालू असेतोवर गळायचं, मोठी चावी बंद केली की थांबायचं. पायऱ्यांखाली तळं साचावं तसा गॅस साचायचा. “कुणी खाली उतरताना दिव्याचं बटण दाबलं असतं ना,” तो म्हणाला, “तर दोन मजले साफ. नशीब समज. पण मला सांग, एवढ्या बिऱ्हाडांत आठवडाभर एकालाही वास येऊ नये?”

“नाकं गेलीत लोकांची,” मी म्हणाले. तो हसला.

नवऱ्याला मी जेवताना सांगितलं. त्याने घास खाली ठेवला आणि बाळाकडे पाहिलं. “म्हणजे तिने वाचवलं,” असं म्हणाला शेवटी. मग पाणी प्यायला. मग म्हणाला, “पण तू हे कुठे बोलू नकोस. गळती कळूनही नोंदवली नाही, हे कागदावर आलं तर तुझी नोकरी राहील का? आणि ती आता तिकडे आहेच. घेताहेत काळजी.”

“नऊ दिवस राहिले होते तिचे.”

“मला काय माहीत होतं?” तो म्हणाला. “तूच फोन केलास ना मला. तूच म्हणालीस, वर गेलीय, बाळ तिच्याजवळ आहे, धाव.”

मंगळवारी वहीवाल्या बाई आल्या. त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि आठवर बोट ठेवून म्हणाल्या, “हे फार उपयोगी आहे. खरंच सांगते. बहुतेक वह्यांत नवरे रविवारी बसून आठवड्याचे पाच एकदम लिहून टाकतात. तुम्ही दोन मिनिटांत ओळखलंत. आम्ही नातेवाइकांसाठी पुस्तिका काढतोय, लवकर कसं ओळखायचं त्यावर. तुमचं उदाहरण घेऊ? नाव नाही घालणार.”

“लिहिलेला आकडा बदलता येतो का?” मी विचारलं.

“खोडायचं नाही. एक रेघ मारायची, जुना दिसला पाहिजे. शेजारी नवा लिहून सही करायची आणि कारण लिहायचं.” त्यांनी चष्मा काढला. “का हो?”

“पेशंटने सांगितलेलं खरं निघालं, तर ते कुठे लिहायचं?”

त्यांनी वही चाळली. मला वाटतं त्या खरोखर शोधत होत्या. “त्याला रकाना नाही,” त्या म्हणाल्या. “सहसा निघत नाही ना खरं.” मग म्हणाल्या, “निघतही असेल. कुणी मोजलं नाहीये.”

“आणि रागाला कारण असेल तर?”

“तेही मोजायला हवं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या स्वतःच्या टिपणवहीत लिहून घेतलं. पुढच्या अभ्यासासाठी. या अभ्यासात भरती म्हणजे भरती होती. ताईचे दिवस तिथेच थांबले होते, आणि पत्र मिळणार नव्हतं.

मी पेन हातात घेतलं, झाकणही काढलं. आधी ताईला विचारते, असं म्हणून परत लावलं. त्या क्षणी ते मला तिच्याबद्दलचा आदर वाटलं.

भेटायची वेळ चार ते पाच होती. ताई खाटेच्या कडेला बसली होती, हात मांडीवर, पालथे. औषधाने तिची जीभ जड झाली होती. शब्द तोंडात घोळवून, चाचपून बाहेर काढत होती.

“बाळ?”

“मजेत आहे. तुला शोधतं.”

“दात आला?”

“एक. खालचा.”

तिने मान हलवली. मी खुर्ची जवळ ओढली. “ताई, ऐक. गॅस होता. जिन्याखाली, खानावळीची नळी. आपला माणूस जाऊन बघून आला. तू बरोबर होतीस. ऐकतेस ना? तू पाच होतीस.”

तिने दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. तरी आवाज खाली आणला. “नाही गं. वास नव्हता.”

“होता. मी नोंद पाहिली.”

“तुझी नोंद?”

तिने माझ्याकडे पाहिलं, फार वेळ, आणि तिला कळलं. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“हे बघ,” ती एकेक शब्द सोडवत म्हणाली. “पहिले चार दिवस मी हेच सांगत होते, गॅस होता, गॅस होता. त्यांनी रोज मात्रा वाढवली. पाचव्या दिवशी म्हटलं, भास होता. मोठे डॉक्टर खूश झाले. म्हणाले, आता आजाराची जाणीव आली. बुधवारी सोडताहेत.” ती थांबली, तोंड कोरडं पडलं होतं, मी पाणी दिलं. “तू आता जाऊन सांगितलंस तर ते विचारतील, मग खोटं का बोललीस? तेही आजारातच धरतील. आठ ठेव. मीही आठच सांगितलंय. दोन्ही रकाने जुळले पाहिजेत.”

“आणि ढमी?”

“सुट्ट्या काय दरवर्षी येतात.”

मी उठताना तिने माझी पर्स पकडली. “नोकरी सांभाळ हं,” म्हणाली. टोमणा होता की खरंच, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. चेहरा हलतच नव्हता तेव्हा.

मी आठ तसाच ठेवला. भावजींना मीच फोन केला, खरं सांगायचं ठरवून. ते म्हणाले, “हे बघ, माझं तिच्याशी काही वाकडं नाही. पण उद्या काही झालं तर लोक मला विचारतील, कागद काय म्हणत होता?” मी विचारलं, ढमीला काय सांगणार? “सांगितलं,” ते म्हणाले, “आई वर गेली म्हणून. तिला कळतो तो शब्द.”

बुधवारी ताई घरी आली. नवी वही मिळाली, तशीच निळी, पान पहिलं, दिवस पहिला. मी टेबलावर असते त्या वेळात बाळ पाळणाघरात असतं. नवऱ्याने ठरवलं, मी विरोध केला नाही. ताईनेही विचारलं नाही. ती गोळ्या वेळेवर घेते, नऊला झोपते, सहाला उठते, कुणी ओरडलं तर खाली बघते. वहीवाल्या बाई म्हणतात, इतका सरळ आलेख त्यांच्याकडे दुसरा नाही. सुट्टी येऊन गेली. परवा ताई फ्रॉक मांडीवर घेऊन बसली होती आणि दुमडलेलं दोन इंच कापड उसवत होती. ढमी वाढली असेल म्हणाली.

काल मी सुट्टीवर होते. बाळाला झोपवून बाहेर आले तर घरभर धूर होता. दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याचं बूड लाल व्हायला आलं होतं. ताई शेगडीपासून दोन हातांवर स्टुलावर बसली होती. डोळ्यांतून धुरामुळे पाणी येत होतं, पण हात मांडीवर, पालथे. मी धावत जाऊन शेगडी बंद केली.

“ताई, एवढा वास येतोय, कळलं नाही तुला?”

तिने आधी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

“तुला येतोय?” तिने विचारलं.

“येतोय म्हणजे काय!”

“मग असेल,” ती म्हणाली, आणि उठून खिडक्या उघडल्या.

संध्याकाळी तिने वही आणली. डावीकडे पाच लिहिलं आणि पेन माझ्याकडे दिलं. मी उजवीकडे पाच लिहिलं.